तहान उन्हाची की किडनीची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक किडनी दिनाची आपली पुरवणी वाचली. डायलिसिस, प्रत्यारोपण, शुगर, बीपी, मुतखडा सगळं आलं. किडनीतल्या नलिकांबद्दल मात्र एक ओळ नाही. आमच्या घरात गेली पाच वर्षं या नलिकांचंच राज्य आहे, म्हणून लिहितो.

नातू दीड वर्षाचा असताना रात्री तीन-चारदा उठून पाण्यासाठी रडायचा. सकाळी गादी चिंब. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू, कूलर रात्रभर घरघरतोय, "नागपूरच्या उन्हात तहान लागणार नाही तर काय?" असं सुनेला मीच सुनावलं होतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तहान काही जाईना. वजन नऊ किलोवर अडकलं. पाय वाकायला लागले तेव्हा एका दवाखान्यात मुडदूस म्हणून ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली. एक, दोन, तीन. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, तेही नॉर्मल. किडनी ठणठणीत, असं ऐकून आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

क्रिएटिनिन सांगतं ते मुख्यतः गाळणीबद्दल. मोठ्या माणसाच्या किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेलं पाणी, मीठ, पोटॅशियम नलिका परत रक्तात ओढून घेतात, आणि शरीरातलं आम्ल बाहेर टाकायचं कामही त्यांचंच. गाळणी शाबूत आणि नलिका बिघडलेली, असं होऊ शकतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी एका तरुण डॉक्टर मुलीने पोटॅशियम आणि एबीजी, म्हणजे रक्तातलं आम्ल मोजणारी तपासणी, करायला लावली. पोटॅशियम 2.4, म्हणजे फारच कमी, रक्तात आम्ल साचलेलं आणि लघवीचा पीएच तरीही 7, म्हणजे आम्ल लघवीतून बाहेर पडतच नव्हतं. आजाराचं नाव डिस्टल आरटीए: नलिकांच्या शेवटच्या भागाला आम्ल बाहेर टाकता येत नाही. त्या आम्लाला तोंड देता देता हाडांतला चुना झिजत होता. वरून ड जीवनसत्त्वाचा मारा म्हणजे किडनीत कॅल्शियम साचायला आमंत्रणच. सोनोग्राफीत ते दिसलंच.

हा आजार जन्मजात असतो तेव्हा बऱ्याचदा आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं असतं. सून माझ्या मेव्हण्याची मुलगी. मामाची मुलगी करायची आमच्यात पद्धत, आणि त्या लग्नाचा आग्रह धरणाऱ्यांत मी पुढे होतो. यातल्या काही मुलांना ऐकू कमी येतं, म्हणून नातवाच्या कानांची तपासणीही ठरावीक काळाने होते.

विदर्भासाठी आणखी एक सांगायला हवं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामध्ये किडनीच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि लघवी घट्ट करायची नलिकांची ताकद जाते. असं पोर दहाव्या वर्षीही अंथरूण ओलं करतं. घरचे त्याला रागवतात, संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. सिकलसेलच्या मुलाचं पाणी तोडणं म्हणजे क्रायसिस, रक्तवाहिन्या तुंबून येणारा असह्य वेदनांचा झटका, ओढवून घेणं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

आणि वारशात काही नसलं तरी नलिका मरतात. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं नागपुरातल्या आयसीयूत आणली गेली, त्यांतली कितीतरी परत गेली नाहीत. खोकल्याच्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के सापडलं; चालतं 0.1 टक्का. शरीरात त्यापासून जे आम्ल तयार होतं, ते थेट नलिकांच्या पेशी मारतं. तेव्हा आपल्या पानांवर "किडनी फेल" एवढंच छापून येत होतं.

माझी विनंती एवढीच, की नवतप्याच्या आधी एक चौकट छापा: मूल सारखं पाणी मागतं, सारखी लघवी करतं आणि वाढत नाही, किंवा औषध देऊनही मुडदूस हटत नाही, तर क्रिएटिनिनवर थांबू नका, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवीची तपासणी डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे या तपासण्यांचं बिल तीन इंजेक्शनांपेक्षा कमीच झालं होतं.

नातू आता सात वर्षांचा आहे. पाय बरेच सरळ झालेत, सायकल चालवतो. आम्ल कमी करणारं सायट्रेटचं औषध दिवसातून तीनदा, बहुधा जन्मभर. महिन्याच्या बाटल्या एकदम घ्यायला गेलो की मेडिकलवाला दरवेळी हसून विचारतो, "काय काका, घरात सगळ्यांनाच उन्हाळी लागली का?"

आपला,
एक आजोबा, मानेवाडा, नागपूर