हवेचा हिशेब आधी जुळव

सातारा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रुंद इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी) बसवल्यावर मिश्रण पातळ होऊ लागले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले, म्हणून ट्यूनरने फ्युएल टेबलचे, म्हणजे किती पेट्रोल सोडायचे ते सांगणारे, आकडे वाढवून दिले, आणि आता चढावर नॉकिंग (अवेळी जळणाऱ्या मिश्रणाची ठकठक) ऐकू येते, असे तू लिहितोस. माझ्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असून ते हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या टेबलमध्ये आहे.

या सेन्सरमधली तापवलेली तार वाहत्या हवेने थंड होते. तिचे तापमान टिकवायला लागणाऱ्या विजेवरून व्होल्टेज ठरते, आणि किती व्होल्टला किती ग्रॅम प्रति सेकंद हवा धरायची, हे ईसीयूमधले (इंजिनच्या संगणकातले) टेबल सांगते. ते टेबल मूळ नळीच्या व्यासासाठी असते. तू 60 मिलिमीटरच्या जागी 70 ची नळी घातलीस, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 36 टक्क्यांनी वाढले. तारेपाशी वेग तोच असताना इंजिनात हवा जवळजवळ तेवढी जास्त जाते, पण ईसीयू जुन्याच हिशेबाने लोड (इंजिनवरचा भार) कमी समजतो, पेट्रोल कमी सोडतो आणि त्या कमी लोडला साजेसे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे नेतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. फ्युएल टेबल वाढवल्याने पेट्रोल जुळले; टायमिंग मात्र खोट्या लोडवरच राहिले. हे निस्तरेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नकोस.

फ्युएल टेबल मूळ स्थितीत आणून एमएएफचे टेबल सरसकट 1.36 ने गुणावे. हा केवळ आरंभ आहे, कारण सेन्सर वळणाला लागून बसला असेल तर हवा तारेवर सरळ येत नाही आणि टेबलच्या वक्राचा आकारच बदलतो. त्याआधी सेन्सर आणि इंजिन यांच्यामधल्या होज क्लिपा तपास, कारण तिथून शिरलेली हवा मोजली जात नाही. इंजेक्टर बदलले असतील तर त्यांचा डेड टाइम (विजेचा इशारा मिळाल्यापासून उघडायला लागणारा वेळ) बरोबर भर, नाहीतर आयडलवरची त्यांची चूक तू एमएएफच्या माथी मारशील. तेल लावलेल्या फिल्टरबद्दल माझे मत तुला माहीत आहेच. ते तेल तारेवर बसू शकते.

नंतर लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची लॅपटॉपवर नोंद, घ्यावा. कऱ्हाडकडच्या सपाट महामार्गावर एकसारख्या वेगाने कमी प्रवाहाचे आकडे मिळतील, मधले यवतेश्वरच्या घाटात खालच्या गिअरवर. सेन्सर हवेचे वस्तुमान मोजतो, त्यामुळे कासकडे चढताना विरळ होणाऱ्या हवेसाठी वेगळी दुरुस्ती लागत नाही. जास्त प्रवाहाचे आकडे मात्र डायनोवरच (गाडी जागेवर चालवून मोजण्याच्या यंत्रावर) घ्यावेत, रस्त्यावर नव्हे. थ्रॉटल हलल्याचे क्षण लॉगमधून काढून टाक आणि प्रत्येक व्होल्टेजची सरासरी धर. क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून पेट्रोल स्वतः दुरुस्त करतो तेव्हा, दोन्ही फ्युएल ट्रिमची (तात्कालिक आणि दीर्घकालीन दुरुस्तीची) बेरीज अधिक 8 टक्के आली, तर त्या व्होल्टेजचा आकडा 1.08 ने गुणायचा. ओपन लूपमध्ये, म्हणजे ही दुरुस्ती बंद असताना, मोजलेल्या लॅम्डाला (प्रत्यक्ष हवा आणि पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा यांचे गुणोत्तर) अपेक्षित लॅम्डाने भागून तोच गुणक मिळतो. वाइडबँडवर (लॅम्डा मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर) हवा-पेट्रोलचे 14.7 हे प्रमाण शोधत बसू नकोस: ई20 पेट्रोलला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) ते लागू नाही, लॅम्डाच वाच. शेवटी वक्र हाताने गुळगुळीत कर. एखादा बिंदू एकटाच उसळला, तर तो बहुधा लॉगचा दोष असतो.

लोड खरा झाला की टायमिंग आपोआप मागे येईल. तरीही नॉकिंग राहिले, तरच टायमिंगच्या टेबलला हात लावू.

साताऱ्याला ये, तू गाडी चालव, लॅपटॉप मी सांभाळीन. फक्त रविवार टाळ, कासच्या फुलांच्या दिवसांत घाटात एकसारखा वेग मिळणे अशक्य असते.

तुझा स्नेहांकित मित्र