बोटीवरच्या त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

आईबाबांना घेऊन स्नॉर्कलिंगला गेले होते, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यातलं जग बघायला. नावं कुणाचीच माहीत नाहीत, म्हणून सगळ्यांचे इथेच आभार मानते. बोट हलायला लागल्यावर आईला मळमळायला लागलं तेव्हा ज्या ताईंनी तिला मोबाइल ठेवायला लावून बोटीच्या मध्यावर आणून बसवलं, तिथे हेलकावे कमी लागतात, आणि लांब क्षितिजाकडे बघत राहा म्हणाल्या, त्यांचे खूप आभार, कारण मळमळीची गोळी बोट निघायच्या आधी घ्यायची असते, त्या वेळी घेऊन काही उपयोग नव्हता.

पण सगळ्यात जास्त थँक्यू त्या पाण्यात उतरवणाऱ्या दादाला. बाबांच्या मास्कमध्ये पट्टा कितीही आवळला तरी पाणी शिरायचं, तर त्याने उलट पट्टा सैल केला, कडेखाली अडकलेले केस बाजूला सारले, मिशीवर थोडं व्हॅसलिन चोळलं आणि मास्क फिट्ट बसला! काचेला आतून थुंकी लावून विसळली, आईने नाक मुरडलं पण काचेवर वाफ धरली नाही हे खरं. नळीत पाणी गेलं तर घाबरायचं नाही, जोरात फू करायचं, हे बाबांचा हात धरून परत परत शिकवलं, एकदाही वैतागला नाही. पोवळ्यावर उभं राहायला निघालेल्या एकाला मात्र जाम झापलं, बरंच केलं, दगड नाहीत ते, जिवंत असतात.

आणि बेटावर आपल्या छत्रीत जागा देणारे काका-काकू, तुम्हालाही थँक्यू, पाण्यात गार वाटतं त्यामुळे पाठ भाजतेय हे कळतच नाही.

पोपटमासा पोवळं कुरतडतो त्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो, हे बाबा आता भेटेल त्याला सांगत सुटलेत, दादा, हे तुझ्यामुळे!