आई-बाबा, कंपनीच्या करारावर सही झाली

आई, बाबा,

काल फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले अन् फोन तुझ्याकडे दिला आई. ते चिडले की बोलत नाहीत अन् बोलले नाहीत की बीपी वाढतो, हे काय मला माहीत नाही का. म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. दुपारी जेवणं झाल्यावर निवांत वाचून दाखव त्यांना, मोबाईलवर डोळे ताणू देऊ नको.

सही झालीय. कॉलेज, कंपनी अन् मी अशी तिघांची आहे ती. जानेवारीपासून दुसरं सेमिस्टर लागलं की संभाजीनगरजवळ वाळूजला कंपनीत काम सुरू. डिग्री सुटली नाही बाबा, हे आधी ऐका. ही डिग्रीच अशी आहे, शिकता शिकता कंपनीत अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ म्हणून काम करायचं. विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीने २०२५ मध्ये याचे नियम काढलेत, तीन वर्षांच्या डिग्रीत जास्तीत जास्त तीन सेमिस्टर कंपनीत करता येतात अन् त्या कामाचे क्रेडिट मार्कशीटवर धरले जातात. आठवड्यातला एक दिवस कॉलेज आहेच, परीक्षा बाकीच्या पोरांसारखीच. विद्यापीठाचं नाव तेच, सर्टिफिकेट तेच.

तुम्ही म्हणालात विहिरीवरचा जमिनीचा तुकडा विकू अन् तुला पुण्याला इंजिनिअरिंगला घालू. बाबा, तुम्ही ते बोलून गेलात पण मला रात्रभर झोप लागली नाही. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन गेलं, खालच्या रानातली माती सुद्धा वाहून गेली, राहिलं काय तर तो तुकडा. आज्जीने दागिने मोडून ती विहीर पाडली ना. ती माझ्या शिक्षणासाठी जाणार असंल तर मला डिग्रीच नको. अन् मुलींची फी २०२४ पासून माफ आहे, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलं की आपल्यासारख्यांना मिळती, हे तुम्ही बरोबर सांगितलं. पण खोली माफ नाही, मेस माफ नाही, अन् चार वर्षं घरात एक रुपया येणार नाही ते वेगळंच. तुमच्या बायपासचं देणं अजून फिटलेलं नाही. मी हिशेब मांडला, एकदा नाही लई वेळा मांडला, प्रत्येक वेळी त्या विहिरीपाशीच येऊन थांबला.

आता पैशाचं. सरकारी नियमात २०१९ च्या बदलात डिग्रीवाल्या अप्रेंटिसला महिन्याला कमीत कमी ९००० रुपये ठरवले, अन् त्यातले ४५०० पर्यंत केंद्र सरकारने द्यायचे असं ठरलं. खोलीभाडं अन् मेस जाऊन फार उरणार नाही, मी खोटं सांगणार नाही, पण तुमच्याकडून मागावं लागणार नाही. कंपनीत एक वेळचं जेवण अन् चहा आहे, बस आहे, स्टॉप खोलीच्या कोपऱ्यावरच. जनरल शिफ्ट आहे, रात्रीचं काम नाही, हे मी सही करायच्या आधी दोनदा विचारून घेतलं कारण आईचा पहिला प्रश्न तोच असणार.

दुसरा प्रश्न मामाचा. माहितीय मला. मामाने वर्कशॉपात अप्रेंटिस केली, मुदत संपली की हातात कागद देऊन घरी पाठवलं, अन् नंतर किती वर्षं तो ओसरीवर बसून होता ते आपण सगळ्यांनी बघितलंय. बाबांच्या डोळ्यासमोर तेच येतंय ना? तर खरं सांगते, कायदा तोच आहे, १९६१ चा. कंपनीने नंतर नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन त्यात आजही नाही. घेतील तर घेतील. इंग्लंडमध्ये २०१५ पासून असंच शिक्षण चालू आहे, तिथं पोरं पहिल्या दिवसापासून पगारी कामगार असतात अन् विद्यापीठाची फी सुद्धा त्यांना भरावी लागत नाही, आपल्याकडं तसं नाही, आपण शिकाऊच. पण मामाच्या हातात नुसता कागद होता, माझ्या हातात डिग्री असणार आहे अन् दीड वर्षाचं खरं काम असणार आहे. हा फरक लहान नाही बाबा. अन् काम करताना काही लागलं तर भरपाई द्यावी लागते, ते कायद्यात शिकाऊंना सुद्धा आहे.

काम काय ते ऐका. गाड्यांचे पार्ट बनतात तिथं, मला क्वालिटीत घेतलंय. मशीनवर सेटिंग बदललं की पहिला पीस आपल्याकडं येतो, ड्रॉइंगवरची मापं व्हर्नियर अन् मायक्रोमीटरने तपासायची, बसलं तरच पुढचा लॉट चालू करायचा. मुलाखतीला गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी माझ्यासमोर एक पीस रिजेक्ट केला, केसाएवढा फरक होता, अन् मशीनवरचा माणूस काही न बोलता परत सेटिंगला लागला. मला तेव्हाच वाटलं आपल्याला हे यायला पाहिजे. गावात सगळे नीटच्या क्लासला पोरं घालतात, लातूर पॅटर्न मोठाच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही, पण मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. आई, तुला आठवतं, बाबा मोटार खोलायचे तेव्हा मी नट-बोल्ट परातीत ओळीने मांडून द्यायचे अन् एक जरी इकडचा तिकडं झाला तरी रडायचे, मग बाबा मला मांडीवर घेऊन म्हणायचे, "हिच्याशिवाय आपली मोटार चालू होत नाही." तीच मी आहे. गावात कुणी म्हणलं की पोरगी कंपनीत कामाला लावली, तर बाबा तुम्ही मान खाली घालू नका. सांगा, शिकतीय अन् कमावतीय.

एवढंच वाईट वाटतं की पुढं सुट्ट्या कमी मिळतील. पेरणीला, गौरी-गणपतीला पहिल्यासारखं आठ-आठ दिवस राहता येणार नाही. रोज रात्री व्हिडिओ कॉल करीन.

आता मी सांगते ते ऐकायचं. बाबांनी बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. लातूरला तपासणीची तारीख जवळ आलीय, दादाला मी सांगितलंय, तो गाडी घेऊन येईल, "मी एसटीने जातो" चालणार नाही. आई, खाली बसून भाकरी करणं बंद, गॅस ओट्यावर घे, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणला. लोणचं-पापड बाबांच्या ताटात दिसलं की मी दादाला फोन करणार. अन् तुकड्याच्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून सांगा, बोलणी पुढं गेली की माणसं तोंडावर येऊन बसतात.

येळवसच्या अमावस्येला मी येतीय, काम त्याच्या नंतर सुरू होतंय. आंबिलाचं मी बघते, भज्जीचं आल्यावर दोघी मिळून निवडू, तू एकटी पहाटेपासून चुलीपुढं बसू नको. बाबा, स्टँडवर घ्यायला येऊ नका, थंडी आहे, दादा येईल. आले तरी मफलर बांधून या.

तुमची
छोटी