नॉरिस घडला तो संघ

संपादक महाशय,

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतला ब्रिटिश चालक लँडो नॉरिस याच्यावर परवा बराच मजकूर वाचला. त्याला घडवणाऱ्या कार्लिन या शर्यत संघाचं नाव मात्र कुठे दिसलं नाही. ट्रेव्हर कार्लिन यांनी 1996 मध्ये इंग्लंडात तो उभा केला. एका आसनाच्या छोट्या फॉर्म्युला गाड्यांत पोरं तयार करायची आणि मोठ्या संघांनी ती उचलून न्यायची, असा कारभार. आपल्या मोहल्ल्यातल्या क्रिकेट कोचसारखाच! ताकुमा सातो (2001) आणि डॅनियल रिकार्डो (2009) इथूनच ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या नवोदितांच्या स्पर्धेचे विजेते झाले, नॉरिस 2017 मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्रीचा.

भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयनही याच संघाकडून धावला होता. डिसेंबर 2020 मध्ये जेहान दारूवालाने बहरीनमध्ये कार्लिनच्याच गाडीत फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) शर्यत जिंकली, असा पहिला भारतीय. भाच्यासोबत मोबाइलवर पाहत होतो. अर्धं सोललेलं संत्रं हातातच राहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या पेपरात (तुमच्या नव्हे, नाहीतर हे पत्र छापणार नाही) त्यावर एक ओळ नव्हती.

2024 पासून संघाचं नाव ‘रोडिन मोटरस्पोर्ट’ झालं. भाचा अजून कार्लिनच म्हणतो.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर