कोटीभास्कर कुठं गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवं काही न करणाऱ्या कंपन्या मरतात, हा तुमचा कालचा लेख वाचता वाचता माझा चहा गार झाला. फोटोची फिल्म विकणाऱ्या कोडॅकचं उदाहरण आता पुरे करा! अहो, डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसननं बनवला. शोध घरातच होता. फिल्मचा गल्ला भरत असताना तो कुणाला हवा होता? २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज.

असाच एक शोध आमच्या माळ्यावर पडलाय. वडील इथंच मकरपुऱ्यात एका पंपाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे. इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यांचा बाक जरा बदलून त्यांनी सागवानी पॅटर्न केला. लाकूड पदरचं, काम रविवारी घरच्या ओट्यावर. शेठनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "चाले छे ने, चालवा दो ने!" पाच वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी, असं तेव्हाचा १९७२ चा कायदा म्हणायचा. वडिलांना ७ वर्षं लागली. कचेरीतला कारकून दर खेपेला सांगायचा, "फाईल वर गेलीय." कचेरी बैठी होती.

तुमच्या विद्वान लेखकानं संस्थांची बोळवण एका वाक्यात केलीय. बडोद्यात बसून! तांत्रिक शिक्षण देणारं कलाभवन १८९० चं. तिथले पहिले प्राचार्य गज्जर, शिवाय कोटीभास्कर आणि अमीन, या तिघांनी १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी काढली. सुरुवात टिंक्चर आणि अल्कोहोलपासून. पुढच्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. आधी शिकवायची सोय, मग कारखाना, मग बँक. अलेम्बिक आणि बँक, दोन्ही शंभरी ओलांडून उभ्या आहेत. आमच्या शेठना असं कुणी विचारणारं नव्हतं, की बाबा, तुझ्या कामगाराचं तू ऐकतोस का?

लेखात गज्जर आहेत, अमीन आहेत, कोटीभास्कर गाळलेत. मराठी पेपरात! आडनाव लांब म्हणून जागा पुरली नाही, असं तरी सांगू नका.

आणि हो, लेखाखाली 'उर्वरित मजकूर पान ७ वर' असं छापलंय. पान ७ वर फ्लॅटची पानभर जाहिरात आहे, स्विमिंग पूलसकट. उरलेला मजकूर कुठं सापडला तर कळवा. त्यात कोटीभास्कर निघाले, तर वरचा परिच्छेद मागे घेतो.

आपला,
एक जुना वाचक,
दांडिया बाजार, बडोदा