ज्यांनी माझ्यासाठी स्टॉपवॉच चालू ठेवले, त्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यातील ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीत, मी पहिल्यांदाच मुख्य गटासोबत पाण्याबाहेर पडले आणि सायकलीचे 40 किलोमीटर एकटीने वाऱ्याशी झुंजत न काढता इतरांच्या चाकामागे राहून पार केले. अभिनंदन करणारे सगळे जण शेवटच्या 10 किलोमीटरच्या धावण्याविषयीच बोलत होते. मी मूळची धावपटू असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या दिवसाचा निकाल पोहण्याच्या पहिल्या 1500 मीटरमध्येच लागला होता आणि त्याचे श्रेय कोणाचे, हे उघडपणे लिहिल्याखेरीज मला स्वस्थता लाभणार नाही.

नडगीच्या हाडाला पुन्हा तडा गेला, तेव्हा माझ्या वेळा तोंडपाठ असणाऱ्यांनी माझे फोन उचलणे बंद केले. उरलेल्यांनी ट्रायथलॉनचा सल्ला दिला आणि प्रत्येकाने ग्वेन जॉर्गेन्सनचे उदाहरण दिले: लेखापालाची नोकरी करणारी धावपटू, जिने 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला या खेळातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ती लहानपणापासून पोहत होती आणि महाविद्यालयातही जलतरण संघात होती, एवढे मात्र सांगायचे सगळेच विसरले. (सल्ला फुकट असला की त्यातला अवघड भाग गाळायला कोणाचे काय जाते?)

आपल्याकडे येण्यापूर्वी ज्या तलावावर मी शिकत होते, तेथील प्रशिक्षकांनी मला लहान मुलांच्या लेनमध्ये ढकलले, हातात किकबोर्ड (पाय मारण्याच्या सरावाची तरंगती फळी) दिला आणि पाठ फिरवली. वर्षानुवर्षे धावलेल्या माणसाचे घोटे ताठ झालेले असतात. पावले मागे सरळ ताणली जात नाहीत, ती पाण्यात ब्रेकसारखी अडतात आणि कंबर खाली ओढतात. मी जिवाच्या आकांताने पाय मारत असे आणि जागच्या जागी राहत असे, कधी कधी तर चक्क मागे सरकत असे. मुले हसत, त्यात गैर काहीच नव्हते; पण प्रशिक्षकही त्यांच्याबरोबर हसत.

आपण पहिल्याच दिवशी किकबोर्ड काढून घेतलात, नजर तळाकडे ठेवून छाती पाण्यात दाबायला लावलीत आणि पाय कमी मारायला सांगितलेत. तंत्राबद्दल मी आपली ऋणी आहेच, तरी हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र त्या स्टॉपवॉचसाठी आहे. शंभर मीटरच्या फेऱ्या सुरू असताना बाकीचे सगळे भिंतीला हात लावून, गॉगल कपाळावर चढवून, दम खात गप्पांना लागलेले असत आणि मी अजून अर्ध्या लेनमध्ये असे. आधीच्या ठिकाणी अशा वेळी "चल, पुरे" अशी हाक येई आणि पुढची फेरी सुरू होई. आपण मात्र माझा हात भिंतीला लागेपर्यंत बोट बटणावर ठेवून माझ्याच लेनच्या टोकाशी उभे राहत होता. मग इतरांची वेळ ज्या आवाजात सांगितलीत, त्याच आवाजात माझीही सांगत होता: "एक मिनिट, बावन्न पूर्णांक चार." दशांशासकट. आणि ती वेळ त्याच वहीत, त्याच रकान्यात लिहिली जाई. आपण ना कधी शाबासकी दिलीत, ना कधी कीव केलीत. माझ्या मंद वेळेलाही मोजण्याइतकी किंमत आहे, असे त्या काळात मला दुसऱ्या कोणीही जाणवू दिले नव्हते.

पुढे व्यावसायिक गटातील सुरुवातीच्या एका शर्यतीत सायकलवर पुढच्या गटाने मला एका फेरीने गाठले आणि नियमाप्रमाणे मला बाहेर काढण्यात आले. त्या संध्याकाळी फोनवर आपण एकच प्रश्न विचारलात: पाण्यातून बाहेर येतानाची वेळ किती? मी सांगितली, आपण ती लिहून घेतलीत आणि आदल्या शर्यतीपेक्षा ती कितीने सुधारली, ते वाचून दाखवलेत. एका निवड समिती सदस्यांनी त्याच दिवशी मला "वय निघून गेले" असे ऐकवले होते. त्यांना माझी एकही वेळ ठाऊक नव्हती.

क्रीडाक्षेत्रात मदतीचा हात देणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांतील बरेच जण आधी छायाचित्रकार कोठे उभा आहे ते पाहतात. कोणी बघत नसताना आपले काम चोख करणे आणि दुर्बळाचे काम उरकून न टाकणे, एवढा साधा सभ्यपणा इतका दुर्मीळ का असावा, हे कोडे मला सुटलेले नाही.

पुढील हंगामात मी लांब पल्ल्याकडे वळण्याचा विचार करीत आहे. तेथे 3.8 किलोमीटर पोहणे आहे आणि सायकलवर कोणाच्या चाकामागे राहण्याची मुभा नाही. थकल्यावर माझा डावा हात अजूनही शरीराची मध्यरेषा ओलांडतो, असे व्हिडिओत दिसले. शर्यतीनंतरची विश्रांती संपली की काही आठवडे आपल्याकडे यावे म्हणते. सकाळच्या गटात जागा असेल, तर कृपया कळवावे.

आपली विद्यार्थिनी