पर्वरीच्या फ्लॅटबद्दल

फोंडा

चि. बाबूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल सूनबाईशी झालेल्या घटस्फोटाबद्दल तू फोनवर म्हणालास, "आई, मिटलं एकदाचं. फ्लॅट तिला दिला, हप्ते तीच भरणार, कोर्टाचा कागद हातात आला." तुझा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला, म्हणून तेव्हा गप्प राहिले. पण रात्री झोप लागली नाही.

आधी त्या "दिला"बद्दल. लग्नाआधी तुम्ही वेगळा करार केला नव्हता. गोव्यात अजून 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते. तिच्याप्रमाणे सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या झाल्यापासून त्या घराचा अर्धा वाटा तिचाच होता. तू तुझा अर्धा सोडलास तो लेकीसाठी, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सगळंच आपण दिलं असं मनात धरू नकोस. तुझे बाबा एकदा सावईवेऱ्याच्या कुळागराचा, म्हणजे आपल्या नारळ-सुपारीच्या बागेचा तुकडा विकायला निघाले होते. माझ्या सहीशिवाय ते होणार नव्हतं. पेन हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसून राहिले आणि शेवटी नाही म्हटलं. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिथलेच नारळ आज आपण खातो. त्या सहीची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून तिच्या वाट्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही.

आता कर्ज. बाबू, तुमचं दोघांचं ठरलं ते तुमच्यापुरतं. बँक त्या कोर्टात नव्हती. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणजे पूर्ण रकमेला तूही बांधील आणि तीही. उद्या तिची नोकरी गेली नि दोन हप्ते थकले, तर बँक तुलाही फोन करणार आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांची बिघडणार. उद्या तू स्वतःसाठी घर घ्यायला गेलास, तर हे जुनं कर्ज तुझ्याच डोक्यावर दिसेल आणि नवं कमी मिळेल.

म्हणून पहिल्यांदा बँकेत जा, दोघं मिळून. कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत ने आणि तुझं नाव कमी करण्याचा अर्ज द्या. तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतं का ते बँक बघेल. बसलं नाही तर मुदत वाढवता येते, तिचा भाऊ सहकर्जदार होऊ शकतो, नाहीतर काही रक्कम आधी भरून कर्ज हलकं करता येतं. तुमचा व्याजदर बदलता आहे, अशा घरकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही. माझी मुदत ठेव आहे. ती मोडायला मी तयार आहे, आणि हे मी विचार करून लिहिते आहे. माझी नात त्या घरात झोपते.

बँकेचं लेखी पत्र हाती येईपर्यंत प्रत्येक महिन्याला हप्ता गेला की नाही ते स्वतः बघ. "ती भरणार आहे" म्हणून डोळे मिटू नकोस.

घराच्या मालकीचं काम वेगळं. हुकूमनाम्यात लिहिलं म्हणून सब-रजिस्ट्रारच्या वहीत आपोआप काही बदलत नाही. तुझा वाटा सोडल्याचा दस्त कसा करायचा ते वकिलांना विचार, पण बँकेची संमती घेतल्याशिवाय करू नकोस, कारण मूळ कागद गहाण आहेत. मग सोसायटी, पंचायतीची घरपट्टी, वीजमीटर. कर्ज पुरं फिटलं की बँकेने 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. तिलाही हे सांगून ठेव.

रविवारी फाइल घेऊन ये. जेवायलाच ये, खतखतं करते.

आणि चवथीचं आत्ताच सांगते. त्या हॉलच्या छताला गणपतीवर फळं-पानं टांगतो त्या माटोळीचे हूक तूच मारून घेतले होतेस, लेक तेव्हा तुझ्या खांद्यावर बसली होती. यंदा सुपारीचे घोस, आंबाडे, नारळ मी त्या घरीही पाठवणार आहे. सूनबाईला मी विचारलं आहे, ती हो म्हणाली. तू मध्ये बोलू नकोस.

तुझी,
आई